मामंजींच्या गाडीचं लाकूड

ती. डिना वन्सं यांना,

झीलंडहून धाकट्या भावजयीचा, लोइसचा नमस्कार. देवाच्या कृपेनं आम्ही दोघं बरे आहोत. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेनं तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, असं धरून चालते.

पत्रास कारण, मामंजींची दोन्ही अंगांना लाकूड लावलेली स्टेशन वॅगन. त्यांच्या अंत्यविधीनंतर कॉफी घेताना तुम्ही बजावलं होतंत, "बाबांच्या गाडीचं लाकूड तेवढं कुणी काढायचं नाही." ऑगस्टच्या घरच्या सहलीला तुम्ही त्याच गाडीत बसणार, हेही माझ्या लक्षात आहे. पण वन्सं, ते लाकूड नव्हेच. लाकडाचं चित्र छापलेलं व्हिनाईल, आणि तेही उन्हानं तडकलेलं. भेगांतून पाणी शिरून पत्रा गंजेल अशी मला काळजी वाटली (खरं तर खाली काय असेल, याचं कुतूहल जास्त). म्हणून शनिवारी डाव्या पुढच्या दाराचा एक कोपरा, फक्त एकच, उचलून पाहिला.

उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसं निघतं हो. केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्यायची (विजेचं मीटर आधी बघून ठेवलं होतं), नखानं कड धरायची आणि सावकाश ओढायचं. घाई केली की तुकडे पडतात. मागे राहिलेला चीक मी तळणीच्या उरलेल्या तेलानं पुसला, त्यामुळे गाडीला अजून डोनटचा वास येतो. खालून असा ताजा हिरवा रंग निघाला की टपाचा हिरवा त्याच्यापुढे शिजवलेल्या कोबीसारखा दिसू लागला. मग त्याच बाजूचं मागचं दार सोललं. ते निघालं निळं.

कडेला हिरवी पट्टी आणि मध्ये सगळं निळं. हे गॅरेजच्या दारात उभे होते. म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "दार आहे." आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे कामाला हात लावायचा नाही. दुसरी गाडी दुरुस्तीला. तेव्हा एका अंगाला लाकूड, दुसऱ्या अंगाला हिरवं-निळं, असलं ध्यान घेऊन आम्ही चर्चला गेलो. प्रवचनात पेपरमिंट चघळत मी पापाविषयी ऐकत होते, पण मन दारापाशी. बाहेर येऊन पाहते तो सगळे पुरुष गाडीभोवती, आणि चर्चचे वडीलधारे बोस्माकाका मागच्या चाकावरची कड नखानं खरवडतायत.

"काका, आज रविवार ना?"

"काम कुठं करतोय? बघतोय," म्हणाले, आणि बघता बघता वीतभर पट्टी ओढून काढली. मग निळं दार न्याहाळून हसले. "तुझा सासरा पक्का हो. भंगारातून दार आणलं आणि दिसेल तेवढंच रंगवलं. लाकडाखाली रंग कशाला वाया घालवायचा?"

मामंजींविषयी माझा आदर दुणावला (मीही उशीच्या अभ्र्याला मागून जुनंच कापड लावते). पण मग मूळ दाराचं काय झालं? घरी येताना ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "बाबांना विचार." आता त्यांना कुठून विचारू?

असो. सहलीपर्यंत उरलेलंही काढून गाडी एका रंगाची करावी, असं मला वाटतं. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही (काढलं तेवढं सोडून). परवानगी असावी.

तुमची,
लोइस

ता. क. : संध्याकाळी सूप वाढताना पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा वाढायच्या आधी विचारलं, म्हणून बोलले. तुम्ही गाडी शिकत होतात त्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून गोठ्याच्या खांबावर गेलात, मागचं दार चेपलं, आणि सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असा मामंजींनी ह्यांच्याकडून शब्द घेतला होता म्हणे. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा भाऊ गप्पच. तुमचं त्या लाकडावर एवढं प्रेम का, ते आत्ता मला कळलं.

ता. ता. क. : मी कुणाला बोललेले नाही. निळ्या दारावर लाकूड कणकेच्या खळीनं परत चिकटवलंय. लांबून कळत नाही. तुम्ही म्हणाल तर तसंच ठेवू. मात्र उजवी बाजू अजून सोलायची आहे. तिच्याखालीही काही असेल तर शनिवारच्या आत कळवा, कारण माझा हात राहणार नाही.