समाधानचा पाट

२२ एप्रिल २०२५

पुन्हा हिरव्या रेघा. शेवटचं वळण, माझी गाडी पहिली, आणि स्क्रीनभर रेघा! मग काळोख.

खालच्या क्वार्टरमधला युवराज पीसी उघडून बसला. "ग्राफिक्स कार्ड गेलं. नवीन टाकलंस तर पॉवर सप्लाय पुरणार नाही. तो बदललास तर कॅबिनेट तापेल." म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. आमच्या दीपनगरच्या वीजकेंद्रातून सगळीकडे वीज जाते, माझ्या एका डब्याला मात्र पचत नाही.

२४ एप्रिल

पीसी सुधरवू की जुना कन्सोल घेऊ? पगारात एकच बसतं. पीसीवर मी शिकवतो त्या क्लासचे पेपरही टाइप होतात. कन्सोलवर फक्त खेळ. आई म्हणते, "कामाचं घे." मी म्हणालो, विचार करतो. विचार कसला, मला कन्सोलच हवाय.

२८ एप्रिल

जाहिरात सापडली. धरणगावच्या पुढचं खेडं. भाव इतका कमी, की चोरीचा माल असेल असं वाटलं. फोन एका मुलीने उचलला, रूपा. कन्सोल तिच्या भावाचा. तिने वय विचारलं — कन्सोलचं मी विचारायचं, तर ती माझंच विचारते! पंचवीस म्हणालो. नाव सांगितलं, तर जरा थांबली.

"चालेल. बुधवारी या, बाराच्या आत. जेवून येऊ नका."

बुधवारी आखाजी, अक्षय्य तृतीया. सणाला आलेल्याला जेवू घालत असतील. खानदेशात नवल नाही.

३० एप्रिल

हात अजून गार आहेत. बाहेर ऊन मी म्हणतंय.

दारातच रूपाने माझ्या पायावर पाणी घातलं. मी म्हटलं, आधी कन्सोल बघू. "आधी जेवण." आत लाल घागर भरून ठेवलेली, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज नि दोन आंबे. मागे भिंतीवर फोटो. माझ्या वयाचा मुलगा, हसरा, गळ्यात हार. समाधान. दोन वर्षांपूर्वी गेला, म्हणाली. कशाने, ते तिने सांगितलं नाही आणि मलाही विचारवेना.

एकच पाट मांडलेला. फोटोच्या खाली. मला त्यावर बसवलं, कपाळाला गंध लावलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, रशी. बाकी कुणाचंच ताट नाही. आई भागाबाई समोर बसली. बाप सुकदेवआबा दाराशी, तोंड बाहेर करून.

"नाव काय शे तुनं?" भागाबाईने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत रूपा म्हणाली, "आज समाधानच म्हण, आई."

सुकदेवआबांनी चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकला, तूप सोडलं. धूर झाला. भागाबाईने पहिला घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला. मी चावायचं विसरून गेलो.

"आखो एक सांजोरी ले. तुले आवडस ना." मी घेतली. मला सांजोरी आवडत नाही.

शेवटी म्हणाली, "पोट भरनं का?"

"भरलं, आई." आई का म्हणालो?

मी हात धुतल्यावरच ते जेवायला बसले. जाहिरातीतले पैसेही पुरते घेतले नाहीत. निघताना रूपा हळूच म्हणाली, "त्यात दादाचं खातं आहे. ते पुसू नका, एवढंच."

१ मे

युवराजला सांगितलं. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. "अरे, तुला पितर बसवलं! आखाजीला मेलेल्याच्या नावाने माणूस जेवतो. पण तो भाऊबंदांतला असतो. बाहेरच्याला का बसवलं?"

मला काय माहीत? आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे घागर भरत नाहीत. मला तर ते साधं जेवण वाटलं.

आईला कळलं तेव्हा ती भडकली. "जित्या पोराला पितर करतात! देऊन टाक ते खोकं." आमच्यात असलं मानत नाहीत, हे तीच मला शिकवते.

३ मे

दुपारी फोन. अनोळखी नंबर. "जेवना का रे?" भागाबाई. हो म्हणालो. तिने ठेवला.

४ मे

"जेवना का?"

५ मे

आजही. तिने मला अजून एकदाही माझ्या नावाने हाक मारलेली नाही.

६ मे

समाधानच्या खात्यावरच खेळतो, त्याच्या गाड्या भारी आहेत. संध्याकाळी शर्यत रंगात आली आणि खेळ बंद पडला. स्क्रीनवर सूचना — या खात्यात दुसऱ्या यंत्रावरून प्रवेश झाला आहे.

कोणाचा प्रवेश? युवराज म्हणतो, कोणी पासवर्ड चोरला असेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण खात्यात शिरून बघितलं. गेली दोन वर्षं समाधान खेळतच आलाय. शेवटची शर्यत जिंकली ती आखाजीच्या दुपारी, मी त्याच्या पाटावर जेवत होतो तेव्हा.

भीती वाटते. खोटं कशाला बोलू.

८ मे

आईचं ऐकायला हवं होतं. रेघा परवडल्या, त्या निदान माझ्या होत्या. फोन वाजला की उलटा ठेवतो. भागाबाईचा नंबर ब्लॉक केला.

९ मे

नवीन खातं काढलं, माझ्या नावाचं. त्यावरून समाधानला लिहिलं — "मी प्रशील. तुझा कन्सोल माझ्याकडे आहे. तू कोण?"

मेलेल्याला लिहितोय. हसू आलं, मग हसूही थांबलं.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

घरात खीर. विहाराला निघायच्या आधी उत्तर आलं.

"मी समाधान. पुण्यात असतो. बायकोचं नाव प्रज्ञा. तुझं नाव वाचून तीच म्हणाली, आपल्यातला दिसतो. हिच्याशी लग्न केलं म्हणून आबांनी माझा फोटो टांगला, घागर भरली. भाऊबंदांतलं कोणी पाटावर बसेना. जित्या माणसाच्या पाटावर कोण बसेल? रूपाने तुझं नाव ऐकूनच ओळखलं असेल, की तुमच्यात पितर मानत नाहीत, म्हणून तुला बोलावलं."

कन्सोल परत पाठवू का, मी विचारलं.

"ठेव. आईचा फोन येत असेल तर उचलत जा. माझा नंबर तिला ठेवू देत नाहीत. जेवलास का विचारलं, तर हो म्हण."

ब्लॉक काढला. फोन अजून वाजला नाही.