ठमाबाईचा डावा डोळा

मी, मनकर्णा लक्ष्मण बोरसरे, वय चौसष्ट, धंदा मूर्ती घडवणे, राहणार चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून आणि कोणीही दरडावलेले नसताना हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मन ठिकाणावर नाही, पण त्याचा दाखला कायदा मागत नाही.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात बुटक्यांची सगळी फौज आणि माझी हत्यारे माझा भाचा प्रफुल्ल याच्या नावे होती. ते मी या लिखाणाने रद्द करते. कारण पुढे येईलच.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि त्यामागचा टिनाचा मूर्तींचा कारखाना माझा मुलगा अजय याला मिळावा. अजय सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर डंपर चालवतो. घरी येतो तेव्हा त्याची बनियानसुद्धा लाल झालेली असते. माझ्या बुटक्यांवर त्याचा राग आहे. "आई, या वयात खेळणे मांडून काऊन बसतं तू?" असे तो दर खेपेला विचारतो. पण मोतीबिंदूच्या वेळी सुटी टाकून उशाशी तोच बसला होता, हे मी विसरलेले नाही. अट एवढीच, की माझ्यामागे वर्षभर तरी दर रविवारी कारखान्यातला मोठा पाट माझे खेळातले सोबती दिव्यानी आणि फारूकभाऊ यांना खेळायला मोकळा द्यावा. चहा त्यांचा ते करून घेतील.

२. फौज म्हणजे काय, हे वकीलसाहेबांना समजावता समजावता माझा घसा बसला, म्हणून इथे लिहूनच टाकते. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी अशी प्लास्टिकची माणसे असतात. बुटके, राक्षस, हाडांचे सापळे. पाटावर डोंगर-जंगल मांडायचे आणि फासे टाकून या माणसांची लढाई लावायची. विकत घेताना ती करडी असतात. रंग नसतो, आणि खरे म्हणजे माणूसही नसतो. डब्यातल्या प्लास्टिकच्या चौकटीला हात, पाय, दाढ्या, कुऱ्हाडी वेगवेगळ्या लटकलेल्या असतात. पहिला डबा प्रफुल्लनेच नागपूरहून आणला. त्याचे चंद्रपुरात मोबाईलचे दुकान आहे. त्याने ते भाग नखं कापायच्या कटरने तोडले आणि अर्ध्या बुटक्यांची नाके गेली. मग डबा घेऊन माझ्याकडे आला. "मामी, मले हे जमूनच नाई राह्यलं. तुमी हात लावून पाहा ना." मी हात लावला तो लावलाच. त्यानंतर विकत तो आणायचा आणि घडवायची-रंगवायची मी. गणपती-शारदा आटोपल्या की कारखाना रिकामाच असायचा.

त्याच्या आणण्यावरूनही भांडणे झाली आहेत. डब्यावरचे रंगीत चित्र पाहून भुलायचा. मी त्याला सांगायची, चित्र नको पाहू, चौकट पाहा. कपड्याची घडी नीट उमटली आहे का, बोटे सुटी आहेत का, ते पाहा. तो ऐकायचा नाही आणि हाताची बोटे एकमेकांत मुरलेले राक्षस घेऊन यायचा. ती बोटे एकेक करून मी सोडवली आहेत.

३. माझी हत्यारे, म्हणजे छोटी पक्कड, पाती, कानशी, भेगा बुजवायच्या लांबीचे डबे आणि ब्रश, दिव्यानी उसेंडी हिला द्यावीत. दिव्यानी धानोऱ्याकडे वनरक्षक आहे आणि रविवारी गाडी हाणत माझ्याकडे खेळायला येते. सासऱ्यांच्या वेळचे मुंगसाच्या केसांचे दोन ब्रश माझ्याकडे होते. मुंगूस मारायला बंदी आहे म्हणून ते तिने पहिल्याच रविवारी माझ्याकडून काढून घेऊन कार्यालयात जमा केले. तेव्हा मी तिला मनातल्या मनात बरेच बोलले होते. आता वाटते, निदान ही तोंडावर सांगून नेते.

तिच्यासाठी सूचना: भाग चौकटीतून तोडताना अंगाला लागून तोडू नये, थोडे ठेवून तोडावे आणि मग तासावे. दोन साचे जुळतात तिथली शिवण पात्याच्या पाठीने खरवडावी, धारेने नाही. चिकटवण्याआधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे, कारण साच्याचे तेल अंगावर राहिले तर रंग धरत नाही. रंगाआधीच्या अस्तराचा फवारा मे महिन्याच्या दुपारी कधीही मारू नये. आपल्याकडच्या उन्हात तो हवेतच वाळतो आणि सगळी फौज रव्यात घोळल्यासारखी दिसते. आखणी सगळ्यात शेवटी.

४. आखणी म्हणजे डोळे काढणे. आमच्या कारखान्यात हा शब्द हळू आवाजात बोलतात. माती कोणीही मळो, रंग कोणीही मारो, आखणी झाली नाही तोवर मूर्ती कोणाचीच नसते. माझी सासू ठमाबाई हिने मला हे काम शिकवले. बायकांच्या हातून डोळे काढून घेत नव्हते, तेव्हा तिने सासऱ्यांशी भांडून माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाली, "पोरी, ज्याची आखणी त्याची मूर्ती. आता ह्या मूर्त्या तुह्या." त्या दिवसापासून मी या घरात कामवाली राहिले नाही, कारागीर झाले. हाच नियम मी प्रफुल्लला शिकवला.

फौजेची सेनापती विकत आणलेली नव्हती. डब्यांतून उरलेले तुकडे आणि लांबी घेऊन मी एक बुटकी म्हातारी घडवली. कमरेवर हात, नऊवारीचा काष्टा, खांद्यावर कुऱ्हाड. ती माझी ठमाबाई. तिचे डोळे मी राखून ठेवले होते.

५. मग माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मी प्रफुल्लला म्हटले, शिपायांची आखणी तू कर, ठमाबाईला हात लावू नको, तिची मी ऑपरेशननंतर करीन. तो म्हणाला, "मामी, तुमी म्हणसान तसंच." आणि नागपूरला चार लोकांना दाखवून आणतो म्हणून फौज घेऊन गेला.

पुढचे मला दिव्यानीने मोबाईलवर दाखवले, तेही मीच हट्ट धरला म्हणून. नागपूरला अशा रंगवलेल्या फौजांची स्पर्धा होती. मंचावर प्रफुल्ल, हातात चषक, समोर माझी फौज आणि पाटीवर एकट्याचे नाव. कोणीतरी विचारले, हे सगळे तुम्हीच केले का. तो हसून म्हणाला, आमच्या कारखान्याचा जुना नियम आहे, ज्याची आखणी त्याची मूर्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅमेरा ठमाबाईजवळ गेला. तिला डोळे होते. मोठे, काळेभोर, बाजारात विकायला ठेवलेल्या बाहुलीसारखे. माझ्या सासूने जन्मात तसे कोणाकडे पाहिले नव्हते.

तो फौज परत ठेवायला आला तेव्हा मी विचारले. त्याने मान खाली घातली असती तर मी गिळून टाकले असते. पण तो म्हणाला, "मामी, नियम त तुमचाच होय ना? मंग मी काय चुकलो?" बाहेरच्याने लुटले असते तर मी आरडाओरडा केला असता. माझ्याच सासूचा शब्द, मीच विश्वासाने हाती दिलेला, त्याने माझ्याच गळ्यावर ठेवला. मला फसवले. हे मी रागात लिहीत नाही, राग केव्हाच निवला. दुःखात लिहिते आहे.

६. तरी नियम मी मोडणार नाही. ठमाबाईचा नियम आहे, माझ्या सोयीने तो वाकत नाही. प्रफुल्लने आखणी केली, फौज प्रफुल्लची. पण आमच्या कारखान्याचा आणखीही एक रिवाज आहे, आणि तो त्याने मंचावर सांगितला नाही. मूर्ती कोणाचीही असो, एक दिवस तिचे विसर्जन होते. यंदा अनंत चतुर्दशीला सगळे गाव गणपती घेऊन बाहेर पडले, तेव्हा मी बादलीत डेटॉल ओतले आणि सगळी फौज आत सोडली. सगळ्यात आधी डोळे गेले. मग दाढ्यांचा तांबडा, मग चिलखतांचा सोनेरी. दुसऱ्या दिवशी जुन्या दातब्रशने एकेक शिपाई घासून काढला. आता ते सगळे पुन्हा करडे आहेत, डब्यातून आले तसे. प्लास्टिक प्रफुल्लने विकत आणले होते, म्हणून ते त्याला परत मिळावे. फक्त खरवडलेल्या शिवणी आणि सोडवलेली बोटे मला परत घेता आली नाहीत. ती त्याच्याकडे राहतील. पुढची आखणी त्याने खुशाल करावी.

७. फारूकभाऊ कुरिअरचे काम बघतात आणि माझे प्रत्येक पार्सल न आपटता आणून देतात. त्यांना काहीतरी द्यावे, असे फार मनात होते. पण साक्षीदाराला काही न दिलेले बरे, असे वकीलसाहेब म्हणतात. भाऊ म्हणाले, "बाई, सहीच करतो मी. तुमचे राक्षस घरी नेले त माही बायको कनीज मले घरात घेनार नाई."

८. राहिली ठमाबाई. तिलाही मी त्याच बादलीत धुतले. नंतर खिडकीपाशी बसून, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने मी तिची आखणी केली. ती आता नियमाने माझी आहे आणि माझ्यानंतर दिव्यानीची. तिला रंग दिलेला नाही. अंग करडेच आहे, नुसते डोळे आहेत. डावा डोळा ओघळून जरा खाली गेला आहे. प्रफुल्लच काय, दिव्यानीनेही तो सरळ करू नये. तो माझा आहे.

हे सर्व मी वाचून, दोन शब्द खोडून आणि खोडलेल्या जागी सही करून कायम केले. यापुढे माझे म्हणणे हेच समजावे.

सही: मनकर्णा लक्ष्मण बोरसरे

आमच्या देखत बाईंनी सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली:
१. फारूक शेख, चामोर्शी
२. रीता मडावी, शेजारीण, चामोर्शी

ठिकाण: चामोर्शी, मूर्तींचा कारखाना
दिनांक: २० ऑक्टोबर २०२४, रविवार