टाके निघेपर्यंत बस नाही

नातीच्या आजोबांना तिच्या आजीचा नमस्कार.

फोनवर बोलताना लेक शेजारीच असते, म्हणून लिहायला बसले. आधी चांगली बातमी. तिच्या हातावरचा तो कॅन्सरचा डाग डॉक्टरांनी काढला. नऊ टाके पडलेत. नात रोज मोठ्याने मोजते आणि दर वेळी दहा म्हणते, लबाड! हसून हसून थकवा कुठल्या कुठे जातो. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी पाय भरून येतातच. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

लेक मात्र तुमच्यावरच गेलीय. पाचव्या दिवशी म्हणते, "आई, सोमवारी बस काढते. डेपोत माणसं कमी आहेत." डॉक्टर सांगतात, तीन आठवडे स्टिअरिंग धरू नको, टाके उसवतील. ऐकेल तर शपथ!

मग मीच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन डेपोत गेले. तिथले साहेब म्हणाले, "आजी, तिने तर साधी गाठ आहे म्हणून सांगितलं होतं." लगेच त्यांनी ड्यूटीच्या फळ्यावरचं तिचं नाव पुसलं.

घरी लेक कडाडली, "तुला कोणी सांगितलं होतं जायला?" मी आपली भाजी चिरत राहिले. अर्ध्या तासाने बघते तर बाई भरदुपारी घोरतेय. आठवड्यात पहिल्यांदा.

माझं तिकीट पुढे ढकललंय, रागावू नका. डागाच्या कडेची कातडी तपासायला दिलीय. रिपोर्ट शुक्रवारी येईल. तो चांगलाच येणार, असं मी तिला दिवसातून दहादा सांगते. फोनवर तुम्हीही तेवढंच म्हणा.

जिवाला जपा.
तुमची मी