औशाच्या गाडीवरचा उजेड

अण्णा, ती ढग पळवायची मशीन नव्हती. राग आला तर येऊ द्या, पण आधी ऐकून घ्या. मृग कोरडा चाललाय, म्हणून मिरच्या अजून गच्चीवरच वाळतायत. गेल्या आठवड्यात त्या गोळा करायला गेले, दिवस बुडून तारे दिसायला लागले होते, आणि पश्चिमेला तुम्ही सांगायचात अगदी तसा उजेड दिसला. पांढरट, पंख्यासारखा पसरत जाणारा, मधोमध एक ठिपका, आवाज काही नाही. सूप हातात धरून मी तशीच उभी राहिले. आधी तुमची आठवण आली, मग तुमचाच संशय आला, की मेल्यावरही हा माणूस आपलं म्हणणं सोडत नाही.

तुम्हाला तो दिसला तेव्हा आपला जिल्हा नवा झाला होता, एस.टी. स्टँडवरच्या पाट्या रंगवायचं काम चाललं होतं, आणि पावसानं दडी मारली होती. तुम्ही कंट्रोलरच्या खिडकीत बसलाय. मी तुमचा डबा घेऊन आलेय, औशाची गाडी गच्च भरलीय. तुम्ही वर बघता, माईक ओढता आणि गाड्यांच्या वेळा सांगायच्या त्याच आवाजात सांगता, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. पश्चिमेला बघा. आपले ढग पळवायलेत." सगळी गाडी खाली उतरते, त्या गर्दीत मला नुसत्या पाठी दिसतात. खालून कुणीतरी विचारलं, "कोण पळवायलंय, साहेब?" तेही तुम्ही भोंग्यावरच सांगितलंत, "जुन्या जिल्ह्यावाले. आपण येगळे निघालो, ते त्यांना बघवंना." भाऊ वेगळे निघाले की विहिरीवरून भांडतात, तसं तुम्ही आभाळाचं लावून टाकलंत. थोड्या वेळानं जुन्या जिल्ह्यातून एक गाडी आली आणि तिच्या काचा फुटल्या. मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झापलं, "भोंगा गाड्यांसाठी हाय, आभाळासाठी न्हाई." डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवून तुमची किनवटला बदली केली. तिथं धो धो पाऊस पडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, आपला पाऊस इथं आणून टाकलाय." आई म्हणाली, "आपलाच हाय तर दोन घागरी भरून घ्या."

मला सायन्सला घातलंत ते यासाठीच. लोकांच्या मुली डॉक्टर व्हायला शिकल्या, मी तुमची केस लढवायला. सुट्टीत घरी आले की पाणी द्यायच्या आधी प्रश्न, "सापडलं का?" शेवटच्या आजारपणातही तेच. "आख्ख्या गाडीनं बघितलं होतं, पण साक्ष एकानं दिली न्हाई. मी येडा न्हाई, एवढं तरी शोधून काढ." तुमच्या पायाशी बसून मी "हाव, काढते शोधून" म्हणाले होते.

तर सापडलंय. मी मोबाईलवर फोटो काढला होता, तो आभाळ बघणाऱ्या लोकांच्या गटात टाकला. त्यांनी सांगितलं, हा उपग्रह. वाट बदलताना त्यातून वायू सुटतो, खाली आपल्याकडे अंधार पडलेला असतो पण तिथं वर अजून ऊन असतं, त्या उन्हात तो चमकतो. मी लगेच मानलं नाही, मुलगी तुमचीच आहे. दुसऱ्याला विचारलं. मग सोलापूरच्या एकानं त्याच वेळी काढलेला फोटो मागवला. त्यात तो उजेड माझ्या फोटोपेक्षा ताऱ्यांमध्ये थोडा सरकलेला होता, त्यावरून उंची काढता येते. ढगांच्या कितीतरी वर होता तो. तिथून ढग पळवणं म्हणजे गच्चीवरून फुंकून खालची चूल विझवणं. तुमचाही उजेड असाच असणार, पण ठामपणे सांगता येत नाही, कारण महिना तुम्ही दरवेळी वेगळा सांगायचात. तरी तुम्ही जे पाहिलं ते खरोखर आभाळात होतं. माझा बाप वेडा नव्हता, हे आता मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

हे तुमच्या फोटोपुढं वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही वाचत. तुम्ही एवढंच विचाराल, "मग ढग कुठं गेले?" गच्चीवरून मला उजेड दिसला त्या संध्याकाळी खाली क्षितिजाला चांगले काळे ढग होते. दिवस बुडाला की ढग विरतात, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलंय. तरी उजेड गेल्यावर मी आधी ढगच शोधले, अण्णा. एकही नव्हता. हे मी त्या गटात कुणाला सांगितलेलं नाही.