केळीला गेलेल्या माझ्या गोळ्या

फैजपूर, रविवार

प्रिय पुनमताई (चार महिन्यांनी मोठी म्हणून ताई),

तुला आणि वच्छलामावशीला नमस्कार. मावशीचा गुडघा आता बरा असेल. आमच्याकडे माझ्याशिवाय सगळ्यांचं ठीक चाललं आहे. घडलेलं आधी क्रमाने लिहिते.

१. जूनच्या पहिल्या सोमवारी आपण दोघींनी जळगावच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडून पीसीओएससाठी त्याच गोळ्या घेतल्या. मॅग्नेशियम आणि झिंक.
२. सातव्या आठवड्यात तुझी पाळी आली.
३. माझी आली नाही.
४. माझ्या उरलेल्या एकतीस गोळ्या नानांनी केळीला दिल्या.
५. केळी उत्तम आहे.

चौथ्या मुद्द्याचा दोष माझ्याकडे येतो. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण फुटलं, म्हणून मी त्या आमच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतल्या स्वच्छ बाटलीत भरल्या आणि सवयीने चिठ्ठी लावली : मॅग्नेशियम, झिंक, रोज एक, भरपूर पाण्यासोबत. माझं नाव मुद्दाम लिहिलं नाही (आमच्याकडे पाहुणे पाणी मागायच्या आधी कपाट उघडतात). नानांना वाटलं, पोरीने केळीसाठी नवीन खत आणलं. रोज एक हे प्रमाण त्यांना कंजूषपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी सगळ्या एकदम ठिबकच्या टाकीत विरघळवल्या. तिसऱ्या दिवशी शेजारचे उखर्डूभाऊ आपली रिकामी बाटली घेऊन दारात हजर. त्यांना काय सांगणार? माल संपला, असं मी म्हणाले. आई शेंगा सोलत होती, ती तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. ते गेल्यावर म्हणाली, "सांगून टाकायचं व्हतं. केयीचा काय महिना चुकला व्हता?"

हजार लिटरच्या टाकीत एकतीस गोळ्या म्हणजे आमच्या यंत्रावर दिसणारही नाही इतकं प्रमाण. तरी मी पानांचा नमुना नेऊन तपासला. फरक शून्य. नानांना सांगितलं तर म्हणाले, यंत्र जुनं असेल. मग मला बांधावर नेऊन म्हणाले, "तुही दवाई लागू पडली, भाविका. पानं पाह्य कशी रुंद झाली."

म्हणजे त्याच गोळ्या तुला लागू, केळीला लागू. मला केळीचा हेवा वाटला. हे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. तुझा वाटतो, हे लिहायला वेळ लागत नाही. पाळी आली त्या दिवशी सकाळी सहा चाळीसला तू नुसता गुलाबाचा फोटो पाठवलास. मी अभिनंदन असं लिहून पुढे पूर्णविराम दिला. तो तुला खटकला असेल तर बरोबरच खटकला.

मी विचारलं होतं, गोळ्यांशिवाय आणखी काय करतेस? तू म्हणालीस, काही नाही गं. परवा मावशीने फोनवर सहज सांगितलं की तू रोज पहाटे पांझरा नदीच्या काठी तासभर चालतेस आणि बँकेतून आल्यावर साडेसातला जेवतेस. डॉक्टरीणबाई दोघींना एकदमच म्हणाल्या होत्या की गोळ्या नुसत्या मदतीला, खरं काम चालण्याचं, जेवणाचं आणि झोपेचं. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. तू लिहिलं नाहीस आणि करत राहिलीस. मला याचाच जास्त राग आला आहे. तरी तुझा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत, वेळेसकट लिहून पाठव. काही गाळू नकोस.

तुझी,
भाविका

ता. क. : गोळ्या केळीला जायच्या आधी नऊ दिवस मी त्या घेतल्याच नव्हत्या, तुझा गुलाब आला त्या दिवसापासून. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तक्त्यात मात्र रोज खूण करत होते. हे त्यांना मीच सांगेन, तू सांगू नकोस.

पुन्हा ता. क. : दिवसाचा हिशेब नाही पाठवलास तरी चालेल. शुक्रवारी साडेअकराला जळगावला माझी सोनोग्राफी आहे. एकटी जाते असं घरी सांगून बसले आहे, आणि मला एकटीला जायचं नाही. धुळ्याहून सकाळच्या बसने येशील का? हो की नाही, एवढंच बुधवारपर्यंत कळव.