चार वजनांच्या मधली जागा

बुधवार, १४ ऑगस्ट

प्रिय मास्तरीण,

आज सकाळी आठला कामावर गेलो. दहा वाजता तपासनीस आले. त्यांनी शर्यतीच्या गाडीच्या नव्या तळाच्या कडेला चार ठिकाणी वजनं टांगली. कड हलली नाही. त्यांनी सही केली आणि चहा घेऊन गेले. सहाला मी घरी आलो.

नियम बदलल्याचं तू बातम्यांत पाहिलं असशीलच. आपला बारक्या गेला, त्यानंतर तीन महिन्यांत पत्रक निघालं. तळाची कड पंधरा मिलिमीटर वर घ्यायची, आणि ती वाकते का हे दोनऐवजी चार ठिकाणी तपासायचं. इथं सगळे त्याला ‘बारक्याचा नियम’ म्हणतात. माझ्यासमोर म्हणत नाहीत, पण दार उघडंच असतं.

तू एकदा विचारलं होतंस, एवढ्या मोठ्या गाडीत तळाचं कसलं कौतुक. मी ताटली टेबलापासून बोटभर वर धरून दाखवली होती. खालून हवा जोरात गेली की गाडी रस्त्याकडे ओढली जाते. तळ जितका खाली, तितकी वळणावर पकड जास्त. फार खाली गेला की हवा कोंडते, ओढ सुटते, गाडी उसळते आणि पुन्हा आपटते. तू ते सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलंस, तेव्हा बारक्या म्हणाला होता, "आई पास झाली, बाबा. पुढच्या शर्यतीला तिलाच बसवा."

शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. सरळ रस्त्यावर गाडी इतकी आपटते की समोरची पाटी वाचता येत नाही, दात खुळखुळतात, म्हणाला. मी म्हणालो, "दात आवळून धर. वळणावर सगळ्यांत वेगात कोण असतो?" तो म्हणाला, "मीच." मी म्हणालो, "मग?" हा फोन मी तुला सांगितला नव्हता.

नवं पत्रक आलं तेव्हा साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "नियम म्हणजे कुंपण, आणि तू जुनी शेळी. तुला फट दिसल्याशिवाय राहायची नाही." चहा संपायच्या आत दिसली. वजनं टांगतात त्या चार जागा ताठ ठेवायच्या, मधली जागा मऊ ठेवायची. तपासणीत कड हलत नाही, वेगात मात्र रस्त्याला टेकते. आज बारक्याच्या जागी आलेल्या ड्रायव्हरनं मला विचारलं, "काका, ही उसळणार नाही ना?" मी म्हणालो, "नियमात बसते." तो खूश होऊन गेला.

मला ही युक्ती नवी नव्हती. बारक्याच्या गाडीत दोन जागा ताठ होत्या, एवढाच फरक. अपघाताचा अहवाल मी लिहिला. त्यानं ब्रेक उशिरा दाबला असं त्यात आहे. ते खोटं आहे. त्यानं ब्रेक वेळेवर दाबला होता, तळ आपटला आणि चाकांखाली रस्ताच राहिला नाही. अपघातात सुटलेल्या चाकानं ज्याचा पाय गेला, त्या रस्त्याकडेच्या निशाणवाल्याला तू आपल्या पोराच्या वतीनं माफीचं पत्र लिहिलंस. पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखवलंस. मी म्हणालो, चांगलं लिहिलं आहेस. तू लोकांना सांगतेस की चूक आमच्याच पोराची होती, आणि आठ महिने मी ते सांगू दिलं. त्याची चूक नव्हती. शर्यत रविवारी आहे, पत्र तुला शुक्रवारी मिळेल. तपासनीसांचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. मी स्वतः सांगायला हवं हे मला कळतं. आज ते माझ्यासमोर चहा पीत होते आणि मी बोललो नाही. उद्याही बोलणार नाही. आता शर्टाचं बटण लावायला बसतो, सकाळी तोच घालायचा आहे.

तुझाच