कोपऱ्यातली शेगडी

मंगळवार, संध्याकाळ

अमेयचा पगार सुरू झाला आणि आमचं उत्पन्न केशरी कार्डाच्या मर्यादेबाहेर गेलं. रेशनवाला म्हणाला, "बेटे का चूल्हा अलग दिखाओ, उसका नाम कट जाएगा, राशन चालू रहेगा." आज कार्डाची तपासणी होती, म्हणून मैत्रीण फरीदाकडून शेगडी आणून अमेयची वेगळी चूल म्हणून कोपऱ्यात मांडली, हाटकेश भागातल्या कामावर खाडा केला. कोणी आलंच नाही. दिवसभर त्या शेगडीकडे बघत बसले. पोराला पहिली नोकरी लागली, पण पेढे वाटले नाहीत. कोणाला कळायला नको ना! कसली आई मी? थकलेय नुसती.

अमेय आला आणि त्याच शेगडीवर चहा ठेवला. कप माझ्या हातात देत म्हणाला, "घे. शेजारच्या घरून आलाय."